बिनमिठाची पेज

खाडीचं पाणी नदीत वरपर्यंत शिरायला लागलं आणि नदीची वाळू खारट झाली. त्या वाळूने सळ्या गंजून शेजारच्यांचा स्लॅब कोसळला. म्हणून शेवंतीकाकू आपल्या स्लॅबला ती वाळू नको म्हणत होती.

"काकू, साखरेसारखी वाळू आहे! ठेकेदार मी की तुम्ही?" दळवी गुरकावला.

काकूने त्याला गरम पेज वाढली. त्याने दोन वाट्या भुरकल्या.

"मीठ कसं झालंय?"

"एकदम बरोबर!"

"मी घातलंच नाही. तुमची वाळू धुतली, त्या पाण्यात शिजवली."

दळवीने तिसऱ्या वाटीला नको म्हटलं आणि वाळू परत ट्रकमध्ये भरली. गवंडी पोट धरून हसले. काकू हसली नाही. नवी नवरी होती तेव्हाही ती याच नदीच्या पाण्यात पेज शिजवायची. तेव्हा मीठ घालावं लागायचं.