भिवराईची चौकट

खाली काळ्या गाळात ती एकटी दगडी चौकट दिसते ना? तिला दार नाही, भिंत नाही, मागे घर तर नाहीच. पाहुणे येतात, तिच्यात उभे राहून फोटो काढतात आणि जातात. तुम्हीही काढा, पण आधी ती कुणी उभी ठेवली तेवढे ऐकून घ्या.

फार पूर्वी तिथे तळे होते, असे सांगतात. ओढ्यांनी गाळ आणून आणून ते बुजवले. गाव मात्र इथे वर, कातळावर. इथे पाया खणायचा म्हणजे पहारी बोथट होतात, म्हणून घरे सगळी ठेंगणी. हैबतराव मोकाशी, म्हणजे गावचा इनामदार, त्याला हे कमीपणाचे वाटायचे. त्याला उंच माडी हवी होती आणि खणायला मऊ जमीन. दोन्ही हौशी त्याने गाळात भागवल्या. चार दिवसांत पाया खणून झाला म्हणून मिशीला पीळ दिला, म्हणे. एवढी मऊ जमीन वरचे ओझे कसे पेलणार, हे त्याला सुचले नाही. असल्या माणसांना सुचत नाही.

त्या माडीत गोजराला दिली. गोजरा ही भिवराईची एकुलती लेक. बाप नव्हता, तेव्हा सोयरीक चुलत्यांनी जमवली आणि मोकाशाचे व्याही झालो म्हणून गावभर मिरवले. वर्ष सरायच्या आत गोजराचा निरोप आला, "आई, हितं भुई हालतीया. भरल्या घागरीतलं पानी हिंदकळून सांडतंया. मला न्यायला या."

चुलते हसले. वर कातळावर पाण्याला साधी लहरसुद्धा आली नव्हती. "मग आमाला कसं काई कळलं न्हाई?" थोरला म्हणाला. "सासरी कामाचा कटाळा, म्हून भुई हालतीया."

आता यांना कोण सांगणार? खरवसाच्या ताटाला टिचकी मारा. ताट जागचे हलत नाही, खरवस मात्र कितीतरी वेळ थरथरतो. भुईतला हिसका कातळातून तसाच झटकन निघून जातो. गाळात तो घोळत राहतो आणि वाढतो. पण आपल्याला लागले नाही म्हणजे कुणालाच लागले नाही, असा या शहाण्यांचा न्याय.

निरोप पुन्हा आला, पुन्हा आला. लेकीला माहेरी आणायला मुराळी म्हणून भाऊ जातो, नाहीतर चुलता, आणि तोही सणावाराला. बिनसणाचे जायचे कसे? मोकाशी काय म्हणेल? गोजराच्या जिवापेक्षा त्यांना आपली अब्रू महाग.

शेवटी भिवराईच निघाली. बाईमाणूस मुराळी, असे आधी कधी घडले नव्हते. गावदेवीपुढे तिने शब्द दिला, म्हणे, "लेक घिऊनच कातळ चढंन, न्हाईतर चढायची न्हाई."

मोकाशाने तिला उंबऱ्याबाहेरच उभे केले. गोजरा आत, आणि तिचा नवरा बापामागे दडलेला. "येवढी माडी बांधली, ती तुझ्या लेकीच्या घागरीला भिऊन सोडायची व्हय?" असे मोकाशी म्हणतो आहे, तोच भुई हलली. भिवराई पळायची सोडून पुढे झाली. चौकटीत पाय रोवून तिने वरचा दगड खांद्यावर घेतला आणि गोजराला आपल्या हाताखालून बाहेर काढले, असे सांगतात. माडी मोकाशी बापलेकांसकट गाळात बसली. चौकट तेवढी राहिली, आणि तिच्यात भिवराई उभीच सापडली. अंगात जीव नव्हता.

वर कातळावर फडताळातली भांडी वाजली. चुलते बाहेर आले, खालची धूळ पाहिली आणि एकमेकांना विचारू लागले, "काय झालं?"

गोजरा एकटी कातळ चढून आली. त्यानंतर तिने चुलत्यांच्या दारचे पाणी घेतले नाही.

मोकाशाचा वंश त्या दिवशी बुडाला म्हणतात. खालचे नवे बंगले पाहिले की मला ते पटत नाही. गाळात प्लॉट पाडलेत, मजल्यावर मजले चढताहेत, आणि आम्ही तिथे लेकीही देतो. तिथे दिलेली प्रत्येक लेक आजही उंबऱ्याशी भरलेली घागर ठेवते. ती हिंदकळली की वर निरोप येतो आणि आई मुराळी होऊन निघते. वाटेत तिला कुणी कारण विचारत नाही. एवढी लाज या गावात अजून शिल्लक आहे, तीही त्या चौकटीमुळे.