चिमूटभर माती

फार जुनी गोष्ट आहे, मुलांनो आणि मुलांच्या आजोबांनो. इतकी जुनी, की तेव्हा राज्याला नाव नव्हतं आणि राजालाही नव्हतं. खेड्यांना मात्र नावं होती, कारण माणसं तिथे राहत होती.

त्यातलंच एक करंजखोरं. गावाच्या डोक्यावर तळं, आणि तळ्याला मातीचा बांध. जुन्या पिढीने डोक्यावरून पाट्या वाहून घातलेला. त्या बांधाच्या जोरावर गावात भात पिकायचा, करंजाची झाडं तरारून यायची, माहेरी आलेल्या लेकी भरल्या पोटाने सासरी जायच्या. पण आता बांध थकला होता. एका कोपऱ्यातून पाणी झिरपत होतं. राजाच्या खजिन्यातून थोडा खर्च झाला असता, तर तो पुन्हा धडधाकट झाला असता.

तेवढं मागणं घेऊन गावाने हैबतीला दरबारात पाठवायचं ठरवलं. हैबती सज्जन माणूस. गोड बोलणारा, कोणालाही नाही म्हणता न येणारा. नेमकी अशीच माणसं आपण दरबारात पाठवतो, आणि मग कपाळाला हात लावतो!

त्या राज्याचा रिवाज मोठा देखणा होता. कोणताही मोठा खर्च राजाने एकट्याने करायचा नाही, गावांना विचारायचं. गावाच्या माणसाने आपली माती थैलीत घालून आणायची. तीही कुठलीही नाही, गावाला सर्वांत मोलाची वाटते त्या जागेची. खर्च पटला, तर दरबारातल्या तांब्याच्या घंगाळात चिमूटभर माती टाकायची. नाही पटला, तर थैलीची गाठ तशीच ठेवायची. कोणी चराऊ रानाची माती आणायचं, कोणी देवराईची. हैबतीने घेतली बांधाची.

निघताना त्याची बायको तान्हूबाई म्हणाली, “बांधाचं काम मंजूर झाल्याबिगर गाठ सोडू नगा.”

“अगं, मी काय पोर हाय का?” हैबती हसत म्हणाला.

दरबारात राजा उभा राहिला. शेजारच्या राजाने म्हणे मोठी दीपमाळ बांधली होती. “आपली तिच्याहून उंच हवी,” राजा म्हणाला. “इतकी उंच, की तिचा उजेड त्याच्या उशीवर पडला पाहिजे!”

खजिना रिकामा होता. पण प्रधान हुशार. नदीपलीकडचा एक सावकार राज्याला कर्ज द्यायला तयार होता, फक्त गावांची माती घंगाळात पडायला हवी होती. सावकाराचा माणूस कर्जाच्या अटी मोठ्याने सांगू लागला, आणि नेमकी त्याच वेळी दरबारात तबकं फिरली. प्रत्येकाला जरीचा फेटा! जो तो फेटा बांधण्यात गुंग. अटी कोणाच्या कानावर पडल्या असतील तर त्या दरबारातल्या कबुतरांच्या.

हैबतीचा हात गाठीवर घुटमळला. “महाराज, आमच्या बांधाचं तेवढं...”

“पुढच्या बैठकीत नक्की, हैबतीराव,” प्रधान आपुलकीने म्हणाला. “आणि चिमूटभर मातीचं ते काय? तुमच्या गावात माती कमी पडली की काय?”

जन्मात त्याला कोणी हैबतीराव म्हटलं नव्हतं. गाठ सुटली, चिमूट पडली.

पुढच्या बैठकीत हत्तीसाठी चांदीची अंबारी निघाली. त्याच्या पुढच्या बैठकीत दीपमाळेच्या कौतुकाचा सोहळा. दरवेळी नवं कर्ज, नवी चिमूट, आणि बांधाला पुढची तारीख. थैली रिकामी झाली की हैबती बांधावर जाऊन ती पुन्हा भरायचा.

एकदा तान्हूबाईने त्याला तिथेच गाठलं. “बांधाची माती न्हेताय खरं. बांधाला माती कवा आनणार?”

हैबतीने फेटा सावरला आणि थैलीची गाठ मारून तो राजधानीच्या वाटेला लागला.

मग आले लावणीचे दिवस. एका सकाळी बायका शेतात उतरल्या आणि जागच्या जागी थिजल्या. पाट कोरडा ठणठणीत! तळं वर तुडुंब भरलेलं, आणि खाली थेंब नाही. सगळे धावत बांधावर गेले. पाणी सोडायच्या मोरीला लोखंडी दार बसवलेलं, दाराला कुलूप, आणि कुलपाशी परक्या मुलखाचे पहारेकरी. बाजूला एक म्हातारा शांतपणे बसला होता. त्याच्यापुढे ते तांब्याचं घंगाळ होतं.

हैबती धापा टाकत पोचला. “अवं, हे काय चालवलंय? कोन तुमी?”

“मी नदीपलीकडचा सावकार. तुमच्या राजाचं व्याज थकलं. ज्या जागेची माती, ती जागा तारण, हीच तर अट होती. ही तुमच्या बांधाचीच माती ना?”

हैबतीच्या पायाखालची जमीन सरकली. “पर म्या तर निसती चिमूटभर टाकली!”

“मी कुठे गोणभर मागितली होती? जागा ओळखायला चिमूट पुरते,” सावकार म्हणाला. “मी लपवलं काहीच नाही, हैबतीराव. अटी भर दरबारात सांगितल्या होत्या. तुम्ही तेव्हा फेटा बांधत होता.”

तान्हूबाई पुढे झाली. “आन आमाला कुनी इचारलं?”

“तुमच्या वतीने हे होते ना.”

सगळ्या गावाने हैबतीकडे पाहिलं. कोणी शिवी दिली नाही, कोणी ओरडलं नाही. शिवी दिली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. शरमेने त्याने फेटा उतरवला.

“पानी कवा सुटंल?” त्याने विचारलं.

“कर्ज फिटलं की. म्हणजे तुमच्या नातवाला नातू होईल तेव्हा. तेही राजाने पुन्हा हात पसरला नाही तर. तोवर घागरीमागे दाम मोजा आणि पाणी न्या.”

आपल्याच तळ्याचं पाणी, आणि विकत! बायकांच्या हातातल्या रोपांच्या मुठी तशाच राहिल्या. आणि ऐका, एवढ्यावरही भागलं नाही. तेवढ्यात राजधानीचा स्वार घोडा उडवत आला आणि दवंडी देऊन गेला. दरबार भरतोय, थकलेलं व्याज फेडायला नवं कर्ज काढायचंय, गावच्या माणसांनी माती घेऊन हजर व्हावं! हे ऐकून पहारेकऱ्यांनीसुद्धा एकमेकांची तोंडं पाहिली.

हैबती गेला. बोडक्या डोक्याने गेला. दरबारात बाकीच्यांचेही चेहरे पांढरेफटक होते. कोणाचं चराऊ रान गेलं होतं, कोणाच्या देवराईवर कुऱ्हाड चालत होती. प्रधान मात्र नेहमीसारखा गोड हसला. “या, हैबतीराव. चिमूटभरच तर हवी.”

हैबतीने थैली उलटी करून झटकली. धूळसुद्धा पडली नाही.

“आनू कुठनं, महाराज? मोलाची जागा व्हती ती ग्येली. आता आमची म्हनावी अशी मसनवट्याची तेवढी माती उरलीय. ती चालंल का दीपमाळंला?”

राजाच्या हातातला विडा खाली पडला. मग एकेकाने आपल्या थैलीची गाठ आवळली, आणि त्या दिवशी दरबारात मांडलेल्या नव्या घंगाळात एक कणही पडला नाही.

नवं कर्ज मिळालं नाही, पण जुनं काही टळलं नाही. दीपमाळ अंधारातच उभी राहिली, कारण तिला लागणारं करंजाचं तेल ज्या झाडांपासून यायचं, ती पाण्यावाचून वाळून गेली होती. हैबतीने आपला जरीचा फेटा बांधाच्या झिरपत्या कोपऱ्यात चिखलाबरोबर ठासून भरला. बांध आता गावाचा नव्हता. पण तो फुटला असता, तर वाहून गेलं असतं ते त्यांचंच गाव.

आणि तान्हूबाईची नातसून, तिची सून, आणि तिचीही सून त्याच तळ्याचं पाणी दाम मोजून भरत राहिल्या.

तात्पर्य: राज्याच्या खर्चाला होकार देण्याआधी तो कोणाच्या शिवारातून फेडला जाणार हे विचारावं, कारण न विचारता दिलेला होकार अजून न जन्मलेल्या लेकरांना फेडावा लागतो.