समोरचं दार

फार वर्षांपूर्वी, केळंब्याच्या पाखाडीला अजून दगडी पायऱ्या नव्हत्या आणि गावातली जमीन, जमिनीवरची झाडं आणि झाडांवरचे कावळेसुद्धा खोतांचे होते, तेव्हाची ही हकीकत. असं म्हणतात. म्हणणाऱ्यांपैकी कोणीही तेव्हा जन्मलेलं नव्हतं, त्यामुळे सगळ्यांना सगळं नीट आठवतं.

पाखाडी म्हणजे डोंगरावरून समुद्राकडे उतरणारी गावची वाट. तिच्या एका अंगाला दाजीबा खोतांचं दुमजली घर होतं, आणि बरोबर समोर, दुसऱ्या अंगाला, आवडाची झोपडी. खोतांच्या घरात काचेच्या हंड्या होत्या, मुंबईहून आणलेले आरसे होते, दारावर जरीचं तोरण होतं. आवडाकडे विकत आणलेली वस्तू म्हणजे मीठ. तिचा नवरा गलबतावर खलाशी होता. पावसाळ्यात तेवढा घरी यायचा, आणि दाराबद्दल त्याने कधी बरं-वाईट म्हटल्याचं कोणाच्या ऐकिवात नाही.

पण आवडाचं दार बघण्यासारखं असायचं. ती माडाच्या पातीचे पोपट वळायची. करवंट्या घासून काळ्याभोर करायची, सुंभाने दारात टांगायची, पाणी भरायची आणि त्यात कधी अबोली ठेवायची, कधी सोनटक्का. श्रावणात तेरडा असायचा, भादव्यात कुर्डूचे तुरे, कापणी झाली की भाताच्या लोंब्यांच्या वेण्या. आणि हाताशी काहीच नसलं, तर ती भिंत गेरूने सारवून, तांदळाच्या पिठात बोटं बुडवून पक्ष्यांची रांग काढायची. असं म्हणतात, की ते पक्षी संध्याकाळी मोजले तर एखादा कमी भरायचा.

पाखाडीने जाणारा-येणारा तिथे थांबायचा. आवडाच्या दाराकडे तोंड केलं, की त्याची पाठ आपोआप खोतांच्या घराकडे व्हायची. यात कोणाचा दोष नव्हता, पाठ कुठेतरी होणारच. पण खोतीण द्वारकाबाई माडीवरच्या खिडकीत बसायच्या, आणि त्यांना दिवसभर गावाच्या पाठी दिसायच्या.

प्रथम त्यांनी खर्च करून पाहिला. मुंबईहून कागदी फुलं आली, रंगीत मण्यांच्या झालरी आल्या. गावाने दोन दिवस मान देऊन त्या पाहिल्या. तिसऱ्या दिवशी आवडाने पोपटांच्या चोचीत एकेक मिरची दिली, आणि गावाच्या पाठी पुन्हा जागेवर आल्या.

मग द्वारकाबाईंनी हुकूम काढला, की खोतांच्या जमिनीवरचं फूल आवडाने तोडू नये. सगळीच जमीन खोतांची, तेव्हा हुकूम मोठा पक्का होता. आवडाने तो पाळला. ती किनाऱ्यावर जाऊन शिंपले वेचून आली, कारण समुद्र खोतांच्या नावावर चढवायचा राहून गेला होता. शिंपल्यांची झालर वाऱ्यावर वाजायची. आता लोक थांबायचे तर थांबायचेच, शिवाय डोळे मिटून ऐकायचे. द्वारकाबाईंनी तो हुकूम मुकाट्याने मागे घेतला. फुलं निदान वाजत तरी नव्हती.

असंही म्हणतात, की आवडाच्या दारावरचं फूल संध्याकाळपर्यंत कोमेजत नसे. दुसऱ्या कोणाची नजर लागली तर फूल सुकतं. द्वारकाबाईंची नजर इतकी कडक होती, की फुलाला सुकायची छाती होत नसे.

शेवटी शिमगा आला. केळंब्यात शिमग्याला ग्रामदेवीची पालखी घरोघर येते, आणि पहिला मान खोतांचा. त्या वर्षी पालखी खोतांच्या अंगणात नाचत असताना, ती खांद्यावर घेतलेल्यांपैकी दोघांनी मान वळवून मागे पाहिलेलं द्वारकाबाईंनी पाहिलं. देवी समोरच बघत होती. पण तिला मान वळवता आली असती तर तिने काय केलं असतं, याची द्वारकाबाईंना खात्री वाटेना. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

पुढच्या शिमग्याच्या आधी त्यांनी खोतांना सांगितलं, की समोरची झोपडी उठवायची आणि टेकडीमागे, जिकडे गुरंही जात नाहीत तिकडे हलवायची. खोतांनी मान डोलावली. घरातला तेवढा अधिकार त्यांनी स्वतःकडे ठेवला होता. मग द्वारकाबाईंनी आवडाला अंगणात बोलावलं.

"आवडे, या शिमग्याला माझं दार तू सजवायचं. हवं ते झाड तोड. पण तुझ्या दारावर एक पान दिसता कामा नये."

"आणि शिमगा झाल्यावर, वैनीबाय?"

"शिमगा झाल्यावर तुझं दार टेकडीमागे. तिथे मांड हवा तेवढा बाजार."

टेकडीमागे ना वाट होती ना पाणी, आणि नवरा गलबतावरून परत आला तर त्याला घर कुठे सापडणार, हेही होतं. पण आवडाने एवढंच विचारलं, की दाराला आधार दिलेल्या दोन मेढी पांगाऱ्याच्या आहेत, लग्नात माहेराहून आलेल्या, त्या उपटून नेल्या तर चालतील का. वाळून कोळ झालेल्या त्या लाकडांचा द्वारकाबाईंना काही उपयोग नव्हता. त्यांनी परवानगी दिली.

शिमग्याच्या सकाळी आवडाने आपलं दार रिकामं केलं आणि खोतांचं भरलं. जरीचं तोरण तिने घडी करून ठेवलं. चौकटीला आंब्याचा मोहोर बांधला, त्यावर सुरंगीच्या वेण्या सोडल्या, काटेसावरीची लाल फुलं करवंट्यांत तरंगत ठेवली आणि झावळीचे दोन मोर असे वळले, की खोतांचा कुत्रा संध्याकाळपर्यंत त्यांच्यावर भुंकत होता. खर्च म्हणाल तर काही नाही. पालखी आली आणि सगळ्या गावाचं तोंड खोतांच्या घराकडे झालं. आरती घेऊन दारात उभ्या राहिलेल्या द्वारकाबाईंना आयुष्यात पहिल्यांदा गावाचे चेहरे दिसले. बरेच जण म्हातारे झाले होते.

पालखी पुढे गेली. द्वारकाबाई समाधानाने माडीवर जाऊन खिडकीत बसल्या आणि त्यांनी सवयीने समोर पाहिलं.

समोर उघडंबोडकं दार होतं. दोन वाळकी लाकडं आणि मधे काळोख. आणि पायरीवर पाय पसरून आवडा बसली होती. ती काही वळत नव्हती, काही विणत नव्हती. नुसती बघत होती, खोतांच्या दाराकडे. ते दार आता दिवसभर तिचं होतं, आणि द्वारकाबाईंच्या वाट्याला तिचं रिकामं दार आलं होतं.

द्वारकाबाईंच्या पोटात पुन्हा दुखू लागलं, आणि या वेळी स्वतःच्याच दारावरून. त्या खाली उतरून अंगणात गेल्या, पण तिथून मोराची शेपटी तेवढी दिसे. अंगणाच्या कडेच्या दगडी गडग्यापाशी गेल्या, तर मधे तुळस. मग त्या पाखाडीवर येऊन उभ्या राहिल्या. तिथून बरं दिसलं असतं, पण गुरं घेऊन आलेला मनुष्य अदबीने खोळंबला, त्याच्यामागे मासळीची पाटी घेतलेली बाई खोळंबली, आणि खोतीण वाटेत का उभी आहे हे बघायला आणखी चौघं खोळंबली. पुरं दार दिसेल अशी जागा एकच होती. द्वारकाबाई पाखाडी ओलांडून गेल्या आणि आवडाच्या पायरीवर, तिच्या शेजारी बसल्या. गाव गप्प झालं. असं म्हणतात, की शिमग्याचे ढोलसुद्धा थांबले. अर्थात ढोल तेव्हा खालच्या वाडीत जेवायला बसले होते.

"इथून बरं दिसतं," द्वारकाबाई म्हणाल्या.

"इथूनच दिसतं," आवडा म्हणाली.

"म्हणजे इतकी वर्षं तू हे मला दाखवायला करत होतीस?"

"मग कोणाला? मला घरातून माझ्या तोरणाची पाठ दिसायची. करवंट्यांची बुडं."

द्वारकाबाईंना गहिवर येऊ घातला होता. आवडाने तो येऊ दिला नाही.

"प्रेमाने नव्हे हो, वैनीबाय. तुमच्या हंड्या लागल्या की त्यांचा उजेड माझ्या चुलीपर्यंत यायचा. माझ्या पोटात दुखायचं. म्हटलं, तुमच्याही दुखू दे."

द्वारकाबाईंनी बराच वेळ मोरांकडे पाहिलं.

"दुखलं," त्या म्हणाल्या.

"बरं झालं," आवडा म्हणाली.

शिमगा संपला, पालखी देवळात परतली, आणि ठरल्याप्रमाणे खोतांची माणसं कुदळी घेऊन झोपडीपाशी आली. द्वारकाबाई खिडकीतून ओरडल्या, की झोपडीला हात लावाल तर याद राखा. खोतांनी कारण विचारलं. त्या म्हणाल्या, "झोपडी उठवली तर माझं दार मी कुठे बसून बघू?" खोतांनी पुन्हा मान डोलावली.

पण दोन दारांना पुरेल एवढं आवडा एकटी करणार नव्हती, आणि रिकामं दार बघत बसणं द्वारकाबाईंना जमणार नव्हतं. तेव्हा ठरलं, की ज्याला जे बघावं लागतं ते त्याने सजवावं. आवडा खोतांचं दार सजवू लागली आणि द्वारकाबाई, हातात कधी सुंभ न धरलेल्या, आवडाचं. त्यांचं पहिलं तोरण म्हशीच्या गळ्यात जास्त शोभलं असतं. आवडाची तक्रार नव्हती. तिला ते दिसत नव्हतं.

त्या तोरणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आवडाच्या दाराच्या मेढी फुलल्या. वाळून कोळ झालेली ती दोन लाकडं खालपासून वरपर्यंत लालभडक फुलांनी पेटली होती, आणि हुकमाप्रमाणे त्यांवर एक पान नव्हतं. शहाणी माणसं सांगतात, की पांगाऱ्याची मेढ ओल मिळाली की कधीही जीव धरते, आणि फुलताना पांगाऱ्याला पानं नसतातच. गाव सांगतं, की खोतीण ज्याच्याकडे इतकी वर्षं टक लावून बघेल, त्या लाकडाला फुलण्यावाचून इलाज काय.

आज आवडा नाही, झोपडीही नाही. त्या मेढींचे दोन मोठे पांगारे झाले आहेत आणि त्यांच्यामधल्या रिकाम्या जागेला गाव आवडाचं दार म्हणतं. समोर, खोतांच्या घराच्या जागी, पतपेढी आहे. शिमग्याला पांगाऱ्यांना तोरण बांधायचं काम पतपेढीच्या कारकुनाकडे असतं, आणि पतपेढीचं शटर गावात शेवटची आलेली सून सजवते. बाकी गावात घरोघर समोरच्याचं दार सजवतात. त्यात विकतची वस्तू चालत नाही. बाहेरून आलेले पाहुणे म्हणतात, काय एकमेकांवर जीव आहे या लोकांचा. गाव त्यांना चहा देतं आणि काही बोलत नाही.

मग पालखी यायच्या आधी प्रत्येक घरची बाई वाट ओलांडून समोरच्या पायरीवर जाऊन बसते आणि तिथून आपलं दार बघते. ज्या घरची पायरी, ती बाई शेजारी बसून आवडाच्या नावाने विचारते,

"दुखतंय का गो?"

"छान आहे," असं उत्तर आलं, तर तोरण उतरवून पुन्हा करायला घ्यावं लागतं. पण बहुतेक वेळा ती पाहुणी आपल्या दारावर दुसरीने काय केलंय ते बघते, आपल्याला हे का सुचलं नाही याचा विचार करते, आणि म्हणते,

"दुखतंय."

"बरं झालं," दुसरी म्हणते, आणि खालच्या वाडीत ढोल वाजायला लागतात.