थांबायचं न शिकलेल्या मुंग्या

फार जुनी गोष्ट. एका बाभळीच्या मुळाशी मुंग्यांचं वारूळ होतं. तिथल्या लहान मुंग्यांना काम शिकवायची जबाबदारी सावळी नावाच्या म्हाताऱ्या मुंगीवर होती. पोरींना धड दिसत नसे, म्हणून तिने त्यांच्याकडून दोनच वाक्यं पाठ करून घेतली होती : "पुढचीच्या मागोमाग चाला. दाणा लागला, तर उचला." पोरी सांगितलं तेवढंच करत, त्यापलीकडे काही नाही. सावळीला त्यांचा फार अभिमान वाटे.

एके सकाळी म्हशीचा पाय रांगेच्या मधोमध पडला. मागच्या तुकड्यातली पहिली मुंगी भांबावून वळली, तर तिला आपल्याच तुकड्यातली शेवटची मुंगी लागली. ती तिच्या मागोमाग निघाली. रांगेचं कडं झालं आणि ते गोल गोल फिरू लागलं.

सावळी धावत आली. "अगं, थांबा! घरी चला!"

पण कधी थांबायचं, हे तिने त्यांना शिकवलंच नव्हतं. तिने एकेकीला ओढून बाहेर काढलं. प्रत्येक मुंगी परत जाऊन पुढचीच्या मागे लागली. दुसऱ्या दिवशी ऊन तापलं, तशा मुंग्या कोसळू लागल्या. मागच्या त्यांच्या अंगावरून चालत राहिल्या.

शेवटी सातच उरल्या. त्यांतली धाकटी पिंपळी जवळून जाताना धापा टाकत म्हणाली, "मावशी, आमचं काही चुकलं का गं?"

"नाही बाळ," सावळी कशीबशी म्हणाली. "मी सांगितलं, तस्संच करताय तुम्ही."

पिंपळीला बरं वाटलं. ती पुढे चालू लागली.