लाल गाडीला थंडी वाजते

द्राक्षाच्या पट्ट्यात करंजसांगवी नावाचं गाव आहे. त्या गावात गेणू नावाचा एक भोळा गडी होता. दौलतअण्णा बोरस्त्यांच्या घरीच तो लहानाचा मोठा झाला. अंगानं धट्टाकट्टा, मनानं निर्मळ. चोरी नाही, लबाडी नाही, उलट उत्तर नाही. जेवढं सांगितलं तेवढंच करायचं आणि जसं सांगितलं तसंच करायचं. एकदा सांगितलेलं तो कधी विसरत नसे. खरी अडचण तीच होती.

त्या साली अण्णांची द्राक्षं परदेशी गेली आणि अण्णांच्या डोक्यात वारं शिरलं. त्यांनी मुंबईहून स्पोर्ट्स कार आणली. लालभडक, दोनच सीटांची, आणि इतकी बुटकी की आत शिरायला अण्णांना ओणवं व्हावं लागे आणि बाहेर यायला गेणूचा हात धरावा लागे. अण्णांना गाडी चालवता येत नव्हती. गेणूला ट्रॅक्टर येत होता. म्हणून गेणू ड्रायव्हर झाला.

अण्णांच्या बायकोनं, सुलभावहिनींनी, गाडीला ओवाळलं. मग आत वाकून पाहिलं.

"अहो, इथं गेणू, इथं तुम्ही. मी कुठं बसायचं?"

"तू घरी बस," अण्णा म्हणाले.

वहिनींना गाडी आवडली नाही ती तेव्हापासून. गेणूचा मात्र तिच्यावर जीव जडला. वासराच्या पाठीवरून फिरवावा तसा तो रोज सकाळी तिच्या टपावरून हात फिरवायचा.

मग थंडी आली. द्राक्षाच्या पट्ट्यातली थंडी म्हणजे चेष्टा नाही. पानांवरचं दव गोठतं, नळाला हात लावला तर बोटं आपली वाटत नाहीत. एके दिवशी सकाळी गाडी घुरघुरली, खोकली आणि गप्प झाली.

"दुसरी घ्या," वहिनी म्हणाल्या. "चांगली चार माणसांची. केतकीचे दिवस भरत आलेत. उद्या नाशिकहून जावईबापूंचा फोन आला तर लेकीला आणि बाळाला आणायचं कशात? तुमच्या मांडीवर?"

"दुसरी कशाला? हिलाच थंडीसाठी तयार करू," अण्णा म्हणाले. "फार काही लागत नाही." त्यांनी पिंपळगावच्या रफीक मिस्त्रींना फोन लावला. रफीक मिस्त्री म्हणाले, बॅटरी बघू, तेल बदलू, तोवर गाडीला जरा ऊब द्या. अण्णांनी फोन ठेवला आणि हाक मारली.

"गेण्या, उद्या उजाडायच्या आत गाडीला ऊब दे."

"बरं अण्णा," गेणू म्हणाला आणि विचार करू लागला. बागेला थंडी बाधते तेव्हा काय करतात? शेकोटी. झालं तर. त्यानं छाटणीच्या काड्या आणल्या, गाडीच्या तोंडापुढं रचल्या आणि पेटवल्या. जाळ कमी वाटला म्हणून दोन गोवऱ्या टाकल्या. स्वतःही शेकत बसला. गाडीला म्हणाला, "आता बरं वाटतंय का?"

अण्णा बाहेर आले तेव्हा गाडीच्या पुढच्या बंपरनं मान खाली घातली होती. दिवे वितळून ओघळले होते. गाडी रडतेय असंच दिसत होतं.

"अरे गाढवा! ऊब म्हणजे जाळ नव्हे! पांघरूण घालायचं, पांघरूण! चारी बाजूंनी खोचून!"

"बरं अण्णा. पुढच्या खेपेला तसंच करतो."

रफीक मिस्त्रींनी नवा बंपर बसवला, नवे दिवे लावले, बॅटरी बदलली. गाडी सकाळी पहिल्या हाकेला ओ देऊ लागली. अण्णा खूश झाले. एके दिवशी त्यांना बाजार समितीत जायचं होतं. धुकं दाट होतं. ते फाटकापाशी उभे राहिले आणि तिथूनच ओरडले, "गेण्या, गारठा फार आहे. गाडी जपून आण रे!"

गारठा म्हटल्याबरोबर गेणूला आठवलं. त्यानं घरातली सगळ्यात मोठी गोधडी काढली. गाडीवर घातली. चारी बाजूंनी खोचली, पुढून, मागून, काचेवरून. फक्त आपल्या दाराशी थोडी सोडली, तिथून आत शिरला आणि गाडी सुरू केली. आत काळोख होता. गेणू मनात म्हणाला, उबेला काळोख असायचाच. आपण डोक्यावरून घेतो तेव्हा आपल्याला कुठं दिसतं?

गाडी जपून निघाली. जपून तुळशीवृंदावनाला घासली, जपून कोंबड्यांच्या खुराड्यावरून गेली आणि जपून उकिरड्यात शिरली. फाटकाशी उभ्या असलेल्या अण्णांना धुक्यातून एक गोधडी घर्र घर्र करत जाताना दिसली. त्यांनी डोळे चोळले.

"अरे बैला!" उकिरड्याच्या काठावरून ते ओरडले. "काच झाकून कुणी गाडी चालवतं का? काच स्वच्छ पाहिजे! काचेवर काही म्हणता काही राहता कामा नये!"

"बरं अण्णा. पुढच्या खेपेला तसंच करतो."

गेणूनं गाडी धुतली, वहिनींनी गोधडी धुतली. गोधडी धुताना त्या म्हणाल्या, "अजून सांगते, दुसरी घ्या." अण्णा म्हणाले, "गाडीचा काय दोष आहे? गाडी थंडीत उत्तम चालली. उकिरड्यापर्यंत गेली ना?"

आणि मग फोन आला. केतकी बाळंत झाली होती. मुलगी. दोघी सुखरूप. घरात आनंदीआनंद. अण्णा म्हणाले, "मी आत्ताच नात बघून येतो. गेण्या, गाडी काढ! काच बघ, धुकं आहे!"

गेणूनं काच बघितली. बाहेरून दव होतं, ते पुसलं. काचेवर वायपर होते. ते त्यानं उपटून काढले. आतल्या बाजूनं एक आरसा चिकटवलेला होता. तोही काढला. वरच्या बाजूला टोलनाक्याची पट्टी चिकटवलेली होती. ती काही केल्या निघेना. गेणू कष्टाळू होता. त्यानं खुरपं आणलं, गरम पाणी आणलं आणि ती खरवडून खरवडून काढली. मग दोन पावलं मागे जाऊन त्यानं पाहिलं. काचेवर काही म्हणता काही राहिलं नव्हतं.

टोलनाक्यावर दांडी वर जाईना. मागे ट्रकांची रांग लागली. नाक्यावरचा माणूस वाकला, कारण त्या गाडीत बघायला वाकावंच लागे.

"काका, टॅग कुठाय?"

"काचेवर आहे की," अण्णा म्हणाले आणि त्यांनी काचेकडे पाहिलं. मग गेणूकडे पाहिलं. "गेण्या, टॅग?"

"काढला."

"आरसा?"

"काढला."

"वायपर तरी..."

"ते आधीच काढले, अण्णा. तुम्ही काळजी करू नका."

मागचे ट्रकवाले जे बोलले ते इथं सांगण्यासारखं नाही. अण्णांनी दुप्पट टोल भरला आणि कपाळाला हात लावला. "अरे शहाण्या, जे जिथं लागलेलं आहे ते तिथंच राहू द्यायचं! त्याला हात म्हणून लावायचा नाही!"

"बरं अण्णा. पुढच्या खेपेला तसंच करतो."

दवाखान्यात अण्णांनी नात पाहिली आणि सगळं विसरले. येताना ते इतके खुशीत होते की वाटेत त्यांनी चहाच्या टपरीवर गाडी थांबवायला लावली. बाहेर पडले, गळ्याभोवती मफलर घट्ट गुंडाळला आणि दार लोटलं. मफलरचं लांब टोक दारात सापडलं. अण्णांना कळलं नाही.

"गेण्या, गाडी पुढं त्या चिंचेखाली लाव!"

गेणूनं पाहिलं. मफलरचं एक टोक दारात लागलेलं होतं. दुसरं टोक अण्णांना लागलेलं होतं. जे जिथं लागलेलं आहे ते तिथंच राहू द्यायचं. गेणूनं हात म्हणून लावला नाही. त्यानं गाडी सोडली.

अण्णा आधी चालले. मग भरभर चालले. मग धावले. टपरीवरची माणसं म्हणाली, "या वयात काय तब्येत राखलीय!" चिंच आली तेव्हा गाडी थांबली. अण्णा मात्र थांबले नाहीत. ते पलीकडच्या चरात जाऊन बसले. कंबरेत कट्ट असा आवाज झाला.

"गेण्या," अण्णा चरातूनच कण्हत म्हणाले, "तुला मफलर दिसला नाही का रे?"

"दिसला की! पण लागलेला होता."

"अरे मग विचारायचं! देवानं तोंड कशाला दिलंय? काहीही करायच्या आधी चार प्रश्न विचारायचे!"

"बरं अण्णा," गेणू म्हणाला. "पुढच्या खेपेला विचारतो."

अण्णा पाठीवर झोपले ते झोपलेच. डॉक्टर म्हणाले, वाकायचं नाही. म्हणजे त्या गाडीत बसायचं नाही, कारण वाकल्याशिवाय तिच्यात शिरताच येत नव्हतं. तेवढ्यात जावईबापूंचा फोन आला. परवा सकाळी केतकीला दवाखान्यातून सोडणार होते. तिला घेऊन जायला या.

अण्णांनी छताकडे पाहत हार मानली. नाशिकच्या शोरूमला फोन केला. लाल गाडी घ्या आणि तिच्या बदल्यात दुसरी द्या, असं ठरलं. शोरूमवाला म्हणाला, माणूस पाठवा, गाड्या तयार आहेत, पसंत करून घेऊन जाईल.

गेणू गोठ्यामागे जाऊन रडला. मग त्यानं गाडीला शेवटचं धुतलं, टपावरून हात फिरवला आणि डोळे पुसत वहिनींपुढं उभा राहिला. वहिनी एकीकडे डिंकाचे लाडू वळत होत्या, दुसरीकडे अण्णांच्या कंबरेला शेक देत होत्या. जायला दुसरं कुणी नव्हतं.

"गेणू, नीट ऐक. ही द्यायची आणि दुसरी आणायची. उंच हवी, अण्णांना वाकता येत नाही. थंडीत कुरकुर करणारी नको. चार माणसांचं भागलं पाहिजे. आणि बाहेरची थंडी आत येता कामा नये, आत ओली बाळंतीण असणार. तान्हं बाळ असणार. हे चारही प्रश्न विचारल्याशिवाय गाडी घ्यायची नाही. कळलं?"

"कळलं वहिनी. चार प्रश्न विचारायचे, असं अण्णा पण म्हणालेत."

वहिनींना बरं वाटलं. आज पहिल्यांदाच दोन माणसांनी गेणूला एकच गोष्ट सांगितली होती.

शोरूममध्ये टाय लावलेला एक तरुण होता. त्यानं गेणूला चहा दिला आणि एक पांढरी, उंच, दांडगी गाडी दाखवली. गेणूनं तिला पायापासून टपापर्यंत पाहिलं आणि विचारलं, "हिला थंडी वाजते का?"

तरुण प्रामाणिक होता. "तशी नाही. पण फारच गारठा असला तर सकाळी मिनिटभर चालू ठेवून गरम होऊ द्यायची."

"म्हणजे वाजते."

"थोडी तर सगळ्याच गाड्यांना वाजते, दादा."

"थंडी वाजणारी गाडी आमच्याकडे आहेच की," गेणू म्हणाला. चहाबद्दल आभार मानून तो बाहेर पडला.

बाहेर कोपऱ्यावर बन्सी नावाचा एक कुल्फीवाला कान बांधून बसला होता. अशा थंडीत कुल्फी कोण खाणार? बन्सी दिवसभर आपल्या हातगाडीकडे बघत होता. हातगाडी उंच होती. वर छत्री, मधे मोठी पेटी, पेटीवर जाड झाकण. गेणूनं लाल गाडी तिच्याशेजारी उभी केली आणि उतरला.

"काका, या गाडीला थंडी वाजते का?"

"हिला?" बन्सी हसला. "हिच्या पोटातच बर्फ भरलाय. हिला कसली थंडी?"

"सकाळी कुरकुर करते?"

"ढकलली की निघाली."

गेणू आणखी जवळ सरकला. "चार माणसांचं भागेल?"

"चार? अहो, अख्ख्या वऱ्हाडाचं भागवलंय हिनं!"

गेणूनं बोटं मोजली. एकच प्रश्न राहिला होता. "बाहेरची हवा आत येते का?"

बन्सीला आता राग आला. धंद्याचा प्रश्न होता. त्यानं झाकण दाबून दाखवलं. "बाहेरचा वारा आत जाईल तर नाव बदलीन!"

गेणूनं लाल गाडीची किल्ली काढली, डोळ्यांना लावली आणि बन्सीच्या हातात ठेवली. बन्सी घाबरला. आधी त्याला चेष्टा वाटली, मग त्यानं आजूबाजूला पोलीस आहे का पाहिलं.

"अहो पाहुणे, मला ही चालवता येत नाही!"

"मग ढकला," गेणू म्हणाला. "तुम्हाला सवय आहे."

ठरल्या सकाळी वहिनी दारात तयार उभ्या होत्या. हातात बाळाची दुपटी, झबली, लोकरीचं टोपडं. कंबरेला पट्टा बांधून अण्णा अंगणात खुर्चीवर ताठ बसले होते. धुक्यातून आवाज आला. टिण टिण. टिण टिण.

"हॉर्न जरा वेगळा आहे," अण्णा म्हणाले.

धुक्यातून आधी छत्री आली, मग पेटी, मग गेणू. त्याचे ओठ निळे पडले होते, दात कडकड वाजत होते, पण चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. वहिनींच्या हातातली दुपटी खाली पडली. अण्णा वाकायचं नाही हे विसरून उठले आणि पुन्हा खुर्चीत कोसळले.

"गेण्या... माझी लाल गाडी?"

"दिली की हिच्या बदल्यात. घाईनं नाही अण्णा, चारही प्रश्न विचारून घेतली. उंच आहे. थंडीत कुरकुर नाही. रात्रभर आली, एकदा बंद पडली नाही!"

वहिनी पुढं आल्या आणि म्हणाल्या, "अरे मेल्या, माझ्या ओल्या बाळंतिणीला काय या हातगाडीवर बसवू?"

"वर कशाला वहिनी? वर वारा लागेल," गेणू म्हणाला आणि त्यानं पेटीचं झाकण उघडलं. आतून थंडगार वाफ बाहेर आली. "ताई आत बसतील. झाकण लावलं की बाहेरची थंडी येणारच नाही. बाळापुरती जागा तेवढी कमी पडत होती..."

त्याला एक मोठी हुडहुडी भरली.

"...ती मी वाटेत कुल्फ्या खाऊन केलीय."