आवडूच्या टोकावर कुणी बसत नाही

बसू नका, ताई. दगड सपाट आहे, वारा छान लागतोय, समोर सगळा समुद्र उघडा पडलाय, सगळं मान्य. पण या टोकावर बसायचं नाही. फार वेळ उभंही राहायचं नाही. फोटो काढायचा असेल तर काढा आणि चालायला लागा, मी चालता चालता सांगतो. मी दाजी खवळे. उभा जन्म होडीवर गेला, आता गुडघे गेले म्हणून पाहुण्यांना टोक दाखवतो. ज्याचे गुडघे गेले त्यालाच हे चालण्याचं काम मिळालं, देव कधी कधी अशी थट्टा करतो.

हा सगळा कातळाचा सडा, म्हणजे उघडं पठार. डावीकडे खाली खाडीचं मुख, आणि त्याच्या काठावर माडांमधून डोकावतंय ते सातेरीचं देऊळ. आमचं करंजवेळ गाव त्याच्या मागे, इथून दिसत नाही. उजवीकडे नुसता कडा. आणि पायाखालची ही वाट नीट बघा. दोन्ही बाजूंना गुडघाभर गवत आहे, वाटेवर काडी नाही. जांभा दगड कसा खरखरीत असतो, तो इथं घासून गुळगुळीत झालाय. ही वाट कुठं जाते? कुठंच नाही. टोकापर्यंत जाते, वळते आणि परत येते. गुरांनी पाडलेली नाही, सरकारनं तर नाहीच नाही. ही आवडूनं पाडली, असं सांगतात.

कड्याखाली बघा, पण पाय थांबवू नका. ते काळे खडक दिसतात ना, पाण्यात डुंबल्यासारखे? त्यांना आम्ही म्हशी म्हणतो. ओहोटीला त्या पाठी वर काढतात, तेव्हा त्यांची भीती नाही. भीती अर्ध्या भरतीला. पाणी त्यांच्यावरून वाहतं, पण होडी जाईल इतकं नसतं. नवखा माणूस सोडा, इथं जन्मलेल्या तांडेलालाही, होडी हाकणाऱ्यालाही, त्या चकवतात.

गोष्ट फार जुनी. तेव्हा शिडाच्या होड्या होत्या आणि दीपगृह नव्हतं. खाडीचं तोंड अरुंद, आणि अंधारून आलं की हा कडा आणि तो किनारा ओळखू येत नसे. म्हणून गावानं एक रीत ठरवली होती. सातेरीच्या देवळापुढं दिवा लावायचा, तो एका जागी. आणि इकडं टोकावर कुणीतरी पेटती चूड घेऊन चालत राहायचं. चूड म्हणजे सुक्या झावळ्यांची मशाल, ती हलती ठेवली तरच पेटती राहते. समुद्रावरच्या माणसाला एवढंच ठाऊक असायचं, की थांबलेल्या उजेडाकडे यायचं आणि हलत्या उजेडापासून लांब राहायचं. टोकावर चालण्याची पाळी घराघरांत फिरायची. टोकाला एक खोप होती, तिच्यात जाड दोर टांगलेला असे. कुणी म्हशींवर आपटलाच तर वरून सोडायला. म्हणजे पाळीवरच्या माणसाकडे चूडही आणि दोरही. दोन्ही एकाच वेळी लागले तर काय करायचं, याचा विचार कुणी केला नव्हता. शहाण्यांचं गाव ना आमचं!

नवरात्र सरलं होतं म्हणे. सकाळी आरशासारखा समुद्र, सगळ्या होड्या बाहेर. दुपार कलली आणि वारा फिरला. बघता बघता आभाळ भरून आलं आणि दिवस असतानाच तिन्हीसांजा झाल्या. त्या दिवशी पाळी आवडूची होती. नवीन लग्न झालेली पोर, अंगानं किरकोळ. तिचा नवरा रवळू, गावातला सगळ्यात चांगला तांडेल. वादळात बाकीच्या होड्या त्याच्या होडीमागं रांग धरून येत, इतका त्याच्यावर भरवसा. आवडूनं चूड पेटवली आणि ती चालू लागली. टोकापर्यंत जायचं, वळायचं, परत यायचं. झावळी संपत आली की तिच्यावर दुसरी पेटवायची. पाय थांबवायचे नाहीत.

तिच्या जिवाची काय घालमेल झाली असेल, मी सांगू शकत नाही. आमच्या घरातल्या बायकांना विचारा. होडी बाहेर असताना घरात त्या भांडं घासतात तेही बाहेर कान ठेवून.

मग पावसाच्या पडद्यातून एक शीड दिसलं. शिडाला हिरवं ठिगळ. ते ठिगळ तिच्याच लुगड्याचं होतं, तिनंच ते टाचून दिलं होतं. रवळू आला! आणि आवडू उभी राहिली. बस, एवढंच झालं. आपलं माणूस दिसलं की पाय थांबतात, तुमचेही थांबतील. विड्याला चुना लावायला लागतो तेवढाच वेळ ती थांबली असेल. पण नेमका त्याच वेळी देवळाकडचा दिवा पावसाआड गेला होता. रवळूला सगळ्या समुद्रावर एकच उजेड दिसत होता, आणि तो स्थिर होता. त्यानं सुकाणू वळवलं.

होडी म्हशींवर फुटली. होडीत दोघं होते. बाबल नावाचा म्हातारा खलाशी लाटेनं बाजूला फेकला गेला आणि पोहत किनाऱ्याला लागला. पुढचं सगळं गावाला कळलं ते त्याच्यामुळं. रवळू एका खडकाला धरून राहिला. वर बायकोच्या हातातला उजेड दिसत होता. त्यानं हाक मारली,

"आवडू गोऽऽ, दोर सोड!"

ती खोपीकडं धावली, दोराला तिनं हात घातला. आणि तिनं समुद्राकडं पाहिलं. रवळूच्या मागची सगळी शिडं त्याच्याच रेघेत म्हशींकडं वळली होती.

आता इथं प्रत्येक पाहुणा मला म्हणतो, की तिनं चूड विझवायची होती. अहो, विझवून काय झालं असतं? देवळाचा दिवा दिसत नव्हता, पुढची होडी ज्या दिशेला गेली त्याच दिशेला मागच्या गेल्या असत्या. त्यांना फिरवायला हलता उजेडच हवा होता. आणि दोर बांधायला इथं झाड नाही, खुंट नाही. तो सोडून माणूस वर ओढायचा तर दोन्ही हात हवेत, पाय रोवून उभं राहायला हवं. चूड खाली ठेवली तर उजेड थांबला. चूड हातात ठेवली तर दोर गेला.

आवडूनं दोर तिथंच खोपीत टाकला आणि ती चालायला लागली. चालायला कसली, पळायला लागली. चूड डोक्यावर गरागरा फिरवत या टोकापासून त्या टोकापर्यंत. खालून रवळू हाका मारत होता. आधी दोर मागत होता, मग नुसतं तिचं नाव घेत होता. बाबलनं दोन्ही ऐकलं. शिडं एकेक करून वळली, खाडीच्या तोंडाशी आली, आत गेली. शेवटची होडी आत गेल्यावर आवडूनं चूड फेकली आणि दोर सोडला. खडकावर कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी देवळापुढं गाव बसला. जीव वाचलेली माणसंही होती त्यात, पण माणूस मोठा विचित्र प्राणी. एक मानकरी म्हणाला, "तू उबी रवलंस म्हणान होडी फुटली."   तेव्हा रवळूची आई उठली. तिचाच तरणाताठा मुलगा गेला होता. सगळ्यांना वाटलं, आता ही सुनेला खाणार. ती मानकऱ्यापुढं जाऊन उभी राहिली म्हणे, आणि म्हणाली,

"दोन हातांच्या बायलेक तुमी चार हातांचा काम सांगलास. तिका एकटीक धाडलास कित्याक?"

 

संध्याकाळी आवडू परत टोकावर गेली आणि चालू लागली. पाळी तिची नव्हती. थांबलं की हाक ऐकू येते, असं ती म्हणायची. वाचलेल्या माणसांच्या बायका तिच्या पायांवर डोकं ठेवायला वर आल्या, तर ही थांबेचना. म्हणाली, "पायां पडू नकात. दोर घेवा नि माज्यावांगडा चला." वांगडा म्हणजे सोबत. तेव्हापासून टोकावर एकटीला पाठवायचं नाही, अशी गावाची रीत झाली. काहीजण सांगतात, आवडूनं कड्यावरून उडी घेतली. साफ खोटं! ती पिकल्या केसांची होईपर्यंत चालली. ही वाट काय एका दिवसात गुळगुळीत झाली? पाय चालेनासे झाले तेव्हा बायकांनी तिला डोलीतून या वाटेवर फिरवलं. शेवटी ती डोलीतच गेली असं सांगतात. खांदा देणाऱ्यांना ते कळलं होतं, पण होड्या यायच्या होत्या, म्हणून त्या चालत राहिल्या.

आता डिझेलच्या होड्या आहेत, पलीकडच्या डोंगरावर दीपगृह आहे, पोरांच्या हातात समुद्राचा नकाशा दाखवणारे मोबाइल आहेत. तरीसुद्धा आजही होड्या बाहेर असल्या की दिवस कलता दोघी वर येतात. एकीच्या हातात उजेड, चूड नाही, बॅटरी. ती कुठंही थांबत नाही. दुसरीच्या खांद्यावर दोर. ती मात्र म्हशींच्या वर आली की पाय रोवून उभी राहते. या टोकावर उभं राहायची मुभा फक्त तिला. दोर पार पाण्यापर्यंत सोडते आणि ओरडते, "रवळू रेऽऽ, दोर धर!" थोडा वेळ वाट बघते. मग दोन्ही हातांनी दोर वर ओढून घेते.

माझ्या बायकोनं कितीतरी वर्षं हा दोर ओढला. ती म्हणते, सोडताना हलका असतो, ओढताना माणसाएवढा जड लागतो. मी तिला म्हटलं, अगं, दोर भिजला की जड होतोच. त्यावर ती म्हणाली, "तुमी खंय ओढलास कधी?"