खुडूक कोंबडी उठवताना

खाडीकाठच्या एका गावी एकदा एक वृद्ध हाडवैद्य राहत असे. लोक त्याला अर्जुनबाबा म्हणत. उतारवयात त्याचे हात कापू लागले, तेव्हा त्याने आपली विद्या सगुणा नावाच्या एका विधवेच्या हाती सोपवली. मोडलेले हाड कुठे सरकले आहे, हे तिच्या बोटांना डोळे मिटूनही कळत असे.

सगुणेला एकच मुलगा होता, दिगंबर. एका सकाळी मायलेकांत काहीतरी क्षुल्लक बोलाचाली झाली आणि तो घरातून निघून गेला. तो गेला तो गेलाच. त्या दिवसापासून सगुणेने उंबरठा ओलांडला नाही. बाजार सुटला, देऊळ सुटले. रोग्याकडचे बोलावणे आले तरी ती हात जोडी. म्हणे, "मी गेले आणि नेमका तो आला तर? बंद दार बघून पुन्हा माघारी फिरेल हो!" वाटेवर पाऊल वाजले की तिचा जीव कानांत गोळा होई. पाऊल पुढे निघून जाई. एका होडीवाल्याचा खांदा तेवढ्यात वेळेवर न बसवल्याने वाकडाच जुळला. त्याचे वल्हे कायमचे सुटले. सगुणेला ते कळले, ती रडलीही, पण दारातून उठली नाही.

मग एके दिवशी अर्जुनबाबा काखेत कोंबडी आणि टोपलीत अंडी घेऊन तिच्याकडे आला.

"ही खुडूक झाली आहे, अंडी उबवायला बघते. माझ्याने आता वाकवत नाही. तुझ्या पडवीत बसव."

सगुणेने कोपऱ्यात गवत पसरून अंडी मांडली. कोंबडी पिसे फुगवून त्यांवर बसली, ती जणू मातीचीच झाली. पुढ्यात दाणे टाकले तरी तिने मान वळवली नाही. तिची ती निष्ठा पाहून सगुणेला भरून येई. ती तिच्याशी हळू आवाजात बोले, "तुला कळतं गं. या गावात तुला एकटीलाच कळतं."

काही दिवसांनी बाबा पुन्हा आला. कोंबडीचा तुरा फिका पडला होता, छातीचे हाड हाताला लागत होते. बाबाने तिला पंखांखाली धरून उचलले, अंगणात नेऊन सोडले आणि अंड्यांवर टोपली पालथी घातली. कोंबडीने आकांत मांडला. ती टोपलीभोवती धावू लागली, चोच मारू लागली.

"बाबा, सोडा तिला!" सगुणा कळवळून ओरडली. "अंडी गार पडतील. आई आहे ती!"

बाबा टोपलीवर हात ठेवून तसाच उभा राहिला. हळूहळू कोंबडीची धावपळ थांबली. ती पाण्याशी गेली. मग दाणे अधाशासारखे टिपले, धुळीत लोळून अंग झटकले. तेव्हा बाबाने टोपली काढली.

"हात लावून बघ."

सगुणेने एक अंडे तळहातावर घेतले. ते अजून कोमट होते.

बाबा म्हणाला, "तिने दिलेली ऊब ती उठल्याबरोबर निघून जात नाही, बाळ. अंड्यात ती मुरलेली असते. पण हिला मात्र तसं वाटत नाही. काही कोंबड्या अशा असतात, उठवल्या नाहीत तर बसल्या जागी उपाशी मरतात. मग अंडी खरीच गार पडतात. मी हिची माया मोडत नाही. ही माया शेवटपर्यंत पुरावी, म्हणून हिला रोज उठवायचं."

कोंबडी आपणहून परतली आणि अंडी पोटाखाली सारून बसली. सगुणेने हातातले अंडे हळूच तिच्या पंखाखाली सरकवले. मग तिने एवढेच विचारले, "रोज उठवू?"

"रोज. ती ओरडली तरी."

त्याच आठवड्यात पलीकडच्या तीरावरून निरोप आला. काजूच्या झाडावरून पडून एका लहान मुलीचा हात कोपरात मोडला होता. सगुणा दाराशी थबकली. मग शेजारच्या जैनबभाभीला तिने हाक मारली. "भाभी, माझा दिगू आला तर त्याला बसवून ठेवा. भात झाकून ठेवलाय, म्हणावं आई येतेच आहे." आणि दार ओढून घेऊन ती होडीत बसली. होडी किनाऱ्यापासून सुटली. तिने वळून वळून घराकडे पाहिले. पण मुलीचा हात हाती आला, तशी तिची बोटे आपले काम आठवू लागली.

परतल्यावर तिने आधी ओट्यावर पाहिले. तिथे कुणाच्या वहाणा नव्हत्या. भात तसाच झाकलेला होता. त्या रात्री तो तिने स्वतः खाल्ला, आसवे गाळीत, पण पोटभर.

पुढे कवचांना तडे गेले आणि एकेक ओले पिल्लू बाहेर आले. दोन अंडी मात्र फुटलीच नाहीत. बाबा पाहायला आला तेव्हा सगुणा पट्ट्या आणि तेलाची वाटी घेऊन कुठेतरी निघाली होती.

"बाबा," ती म्हणाली, "उठून कामाला लागले, तरी दिगूची ओढ तसूभर कमी झाली नाही हो."

"कमी व्हावी म्हणून मी तुला उठवलंच नव्हतं," बाबा म्हणाला.

सगुणेने मान हलवली, भाभीला हाक मारून सांगितले आणि ती खाडीच्या वाटेला लागली.